निघण्याआधी खाकरणारी गाडी

माझी अख्खी नोकरी डाव्या सीटवर झाली. परभणीतल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये मी टेस्ट ड्राइव्हचं काम पाहायचो. गाडी घ्यायला आलेला माणूस चालवणार आणि मी त्याच्या शेजारी बसणार, एवढंच ते काम. पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारलं, "खिल्लारे, तुम्ही तिथं करता काय?" तर मी खरं तेच सांगायचो, "बसतो." त्यावर लोक हसायचे. हसणाऱ्यांनी एकदा अनोळखी माणसाच्या शेजारी, त्याच्या हाताला न रुळलेल्या गाडीत, जिंतूर रोडच्या वळणावर बसून पाहावं.

बसण्यातही कसब असतं. डाव्या सीटपुढं ब्रेक नसतो, तरी आपला पाय आपोआप दाबला जातो. चालवणाऱ्याला तो दिसला की तो बिचकतो, म्हणून मी पाय मागं ओढून सीटखाली घालायला शिकलो. वळणावर गप्प राहायचं, बोलायचं ते सरळ रस्त्यावर. कुणी चुकलं तर "अरे अरे" करायचं नाही. "साहेब, इथं डांबर जरा खराब आहे," म्हणायचं आणि दोष डांबरावर ढकलायचा. आपल्याकडच्या डांबराला त्याची सवय आहे. आणि गिऱ्हाइकाच्या तोंडापेक्षा हाताकडं जास्त बघायचं. तोंडानं माणूस अॅव्हरेज विचारत असतो, पण हात स्टिअरिंगवरून असा हळू फिरत असतो की गाडी याच्या घरी जाणार हे मला शोरूमला परतण्याआधीच कळायचं.

पण खरं काम मी कानानं करायचो. माझं बालपण चुडाव्याचं. वडील रेल्वेत गँगमन होते. रुळांवरून चालताना ते मध्येच वाकायचे, रुळाला कान लावायचे आणि म्हणायचे, "निघाली पूर्ण्याहून." मला तर लांबवर नुसती उन्हाची थरथर दिसायची. मग किती तरी वेळानं त्या थरथरीतून इंजिन वर यायचं. "गाडी आदी कानाला येती, मग डोळ्याला," असं ते सांगायचे. मी रुळावर कामाला गेलो नाही, पण ते वाक्य माझ्याबरोबर शोरूममध्ये आलं. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचं कुठलं बेअरिंग घरघरतंय हे मी टपरीवर चहा पिता पिता सांगायचो. लोक चकित व्हायचे आणि मी चहा गार झाल्यासारखा चेहरा करायचो. गर्व होता मला त्याचा.

मग ती विजेवरची छोटी गाडी आली. दिसायला चिमुकली, मागचं दार वर उघडणारी, पण पळण्यात मोठमोठ्यांना मागं टाकणारी. ती आली त्याच दुपारी ती अंगवळणी पडावी म्हणून मी एकटाच तिला घेऊन झरीच्या रस्त्याला निघालो. उजव्या सीटवर बसण्याचा योग मला तसा क्वचितच यायचा. मोकळा रस्ता दिसल्यावर पाय जरा दाबला, तर पाठ सीटला चिकटली आणि टोपी मागच्या सीटवर जाऊन पडली. मी एकटाच मोठ्यानं हसलो. पुढं वेग कमी केला, काचा खाली घेतल्या, आणि ऐकत राहिलो. ज्वारी दुधावर आली होती. तिच्या पानांची सळसळ गाडीत येत होती. शेतातल्या माळ्यावर उभं राहून कुणीतरी पाखरं हाकलत होतं, त्याची लांबलचक हाळी आली. विहिरीवर दोन बाया बोलत होत्या, त्यांतलं "आवं माय" एवढं स्पष्ट ऐकू आलं. या रस्त्यानं मी हजार वेळा गेलो असेन, पण हा रस्ता बोलतो हे मला माहीतच नव्हतं. गाडीत बसलोय असं वाटेना. कुणीतरी खाटेसकट उचलून बांधाबांधानं नेत असावं असं वाटत होतं. मी सुखावून गेलो होतो.

वडिलांचं वाक्य या गाडीनं उलटं केलं होतं. ती डोळ्याला आधी येते आणि कानाला जवळजवळ येतच नाही. हे त्याच दुपारी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण मी तरंगत होतो.

थोड्याच दिवसांत कंपनीकडून फॉर्मांचा गठ्ठा आला. याच गाडीची पुढची आवृत्ती त्यांना बनवायची होती, अशीच छोटी पण आणखी चपळ. चालवणाऱ्यांना तीत काय हवंय, ते टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्यांकडून भरून घ्यायचं होतं. सगळे प्रश्न इंग्रजीत, उत्तरांना चौकटी, आणि सर्वांत शेवटी 'आणखी काही' म्हणून चार रेघा. मी सरळ रस्त्यावर प्रश्न मराठीत विचारायचो आणि परत आल्यावर चौकटीत खुणा करायचो. माणसं चौकटीत मावत नाहीत, हे मला तिथं रोज कळायचं.

झरीचे उद्धवराव नावाचे तरुण शेतकरी होते. त्यांनी गाडी अशी पळवली की माझे सीटखालचे पाय आणखी आत गेले. परत आल्यावर विचारलं, "पुढच्या गाडीत काय पाहिजे?" ते म्हणाले, "गाडी लय पळती, सायेब. आता पुढच्या टायमाला रस्ता बी त्यांनलाच करून द्याय सांगा." ती खूण मी कुठल्या चौकटीत करायची?

आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. ते प्रत्येक नवी गाडी चालवून बघायला यायचे आणि कधीच घ्यायचे नाहीत. शोरूमची पोरं त्यांना बघून डोळे मिचकावायची. मी मात्र त्यांना कधी नाही म्हटलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, आरसे नीट लावायचे, पट्टा बांधायचे आणि पाथरी रोडनं चाळिसाच्या वेगानं जाऊन यायचे. वाटेत एक शब्द नाही. या गाडीत बसल्यावर मात्र परत वळायच्या जागी त्यांनी गाडी थांबवली आणि नुसते समोर बघत बसले. मी फॉर्म काढला. ते म्हणाले, "खिल्लारे, पुढच्या गाडीत एवढंच करा, की ही वळायची जागा जरा लांब न्या." मी हसलो नाही. दुपारची वेळ होती, मलाही परत जायची घाई नव्हती. आम्ही आणखी थोडं पुढं गेलो.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं, त्यांच्याकडं येतो.

देवगाव फाट्याच्या मनीषाताई जिंतूरच्या शाळेत शिकवायच्या. रोजची ये-जा. त्या गाडी बघायला आल्या तेव्हा बरोबर वडील होते, रामकिसन मामा. सेलू ते देवगाव फाटा काळी-पिवळी जीप चालवण्यात मामांचं आयुष्य गेलेलं. त्या पट्ट्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, कारण प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्या जीपला लटकलेला असतो. जीप भंगारात गेली, पण मामांचा डावा हात बसल्या जागी गेर शोधत असायचा. चालवायला मनीषाताई बसल्या, मी शेजारी आणि मामा मागं. गाडी निघाली तरी मामा वाट बघत होते. "चालू करा की," म्हणाले. मनीषाताई म्हणाल्या, "बाबा, आपण गेटच्या बाहेर आलोत." मामांनी बाहेर बघितलं. मग म्हणाले, "ही काय गाडी हाय व्हय? हा तर फ्रीज हाय."

मनीषाताईंनी त्या दिवशी जे सांगितलं, तेवढं नेमकं उत्तर मला कुणीच दिलं नाही. मी विचारलं, "ताई, तुम्हाला एवढी पळणारी गाडी कशाला?"

"मला पळायचं न्हाई हो. मला सुटायचंय," त्या म्हणाल्या. "सुगीत उसाचे ट्रॅक्टर चालू झाले की दोन-दोन ट्रॉल्या पुढं डुलत राहतात. बाजूनं काढायला गेलं की मधे एक वेळ असा येतो की माणूस ना मागं असतो ना पुढं. समोरून कोण येयलंय ते दिसत न्हाई. तो वेळ मला कमी पाहिजे. बाकी तुमची गाणी अन् दिवे ठेवा तुमच्याकडं."

मी चौकटीत 'पिकअप' लिहिलं. पण तो वेळ माझ्या डोक्यात राहिला. त्यांनी गाडी ठरवली.

डिलिव्हरीचा दिवस आला. शोरूममधला हा सोहळा न पाहिलेल्यांसाठी सांगतो. गाडीवर चकचकीत कापड घालतात, नावाचा फलक लावतात, बॉनेटवर स्वस्तिक काढतात, आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवतात. मालकानं गाडी पुढं घ्यायची आणि लिंबं चिरडायची, म्हणजे नजर उतरली. आमच्या घरी पंचशील म्हणतात आणि लिंबू सरबतात पिळतात. पण शोरूमची लिंबं आणायचं काम माझ्याकडंच होतं, आणि मी चारही सारखी निवडून आणायचो. गिऱ्हाइकाच्या श्रद्धेत कमी-जास्त नको.

"पहिल्यांदा बाबांनीच काढायची," मनीषाताईंनी जाहीर केलं. मामा नवीन धोतर-टोपीत स्टिअरिंगपुढं बसले. मी नेहमीप्रमाणं डावीकडं. त्यांच्या बायको, काशीकाकू, ओवाळणीचं ताट घेऊन समोर, जरा उजव्या अंगाला उभ्या राहिल्या. मामांना म्हटलं, "ब्रेकवर पाय ठेवा." त्यांनी ठेवला. मी बटण दाबून गाडी चालू केली. या गाडीला बटणानं बदलणारे स्वभाव असतात, एक बेताचा आणि एक तिखट. तिखटावर टाकलं की समोरचा पडदा लाल होतो. फोटोत छान दिसतं म्हणून मी तिखटावर टाकली. आणि पुढं फोटोवाल्याला ताटकळायला नको म्हणून, ओवाळणं व्हायच्या आधीच, हात लांबवून गेरही टाकून ठेवला. मामांना सांगितलं नाही. मी बोलणारच होतो, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "इकडं बघा," आणि मी तिकडं बघून हसलो.

विजेची गाडी गेरमध्ये असली तरी उभी असते. ना थरथर, ना आवाज. मामांनी ब्रेकवरचा पाय काढला. गाडी हलली नाही, म्हणजे गेर पडलेला नाही असं त्यांनी धरलं. आमच्याकडच्या जीपवाल्यांची एक जुनी रीत आहे. ओवाळणं चालू असताना इंजिनाला दोनदा रेस द्यायची. गाडीनं हुंकार दिला म्हणजे तिनं पूजा घेतली. मामांनी आयुष्यभर दर दसऱ्याला ते केलं होतं. त्यांनी आताही पाय दाबला.

गाडीनं लिंबांवरून उडी घेतली. ताट वर गेलं. मामांचा पाय लगेच ब्रेकवर आला आणि गाडी थांबली, पण बॉनेटचा कोपरा काकूंना लागून त्या पडल्या. निरांजन घरंगळत फरशीवर गेलं. मी खाली उतरलो तेव्हा काकू मनगट धरून बसल्या होत्या आणि मामा गाडीतून उतरताना दाराला धरून उभे होते. त्यांना पुढं येववत नव्हतं.

दवाखान्यात मनगटाला प्लास्टर झालं. बाकी काही नव्हतं. बाहेरच्या बाकावर मामा म्हणाले, "माझाच पाय चुकला, खिल्लारे. म्हातारा झालो."

मी तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं मामा." शोरूमला येऊन आमच्या नोंदवहीत मी माझ्या हातानं लिहिलं, 'ग्राहकाचा पाय चुकल्यामुळे गाडी पुढे गेली.' मला कुणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. निवृत्तीला काही महिने उरले होते, आणि पुढंही येत राहा असं शोरूमचे शेठ म्हणाले होते. पण तेवढंच कारण नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून एक ओरखडा न येऊ दिलेला माणूस, असं माझं नाव होतं. मला ते नाव सोडवेना. एवढं वाक्य लिहून मी वही मिटली.

तीन महिन्यांनी मनीषाताई गाडी तपासणीला घेऊन आल्या. काकूंचा हात बरा झाला होता. मी मामांचं विचारलं.

"बाबा गाडीकडं बघत सुदिक न्हाईत," त्या म्हणाल्या. "मोटारसायकल देऊन टाकली. फाट्यावर बसायला जायचे, ते बी बंद केलं. लोक म्हणतात ना, 'मामा, काकूवरच घातली की गाडी.' परवा लायसन आणून माझ्या हातात दिलं. म्हणाले, ठेव कपाटात, माझा पाय आता भरवशाचा राह्यला न्हाई."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. मला सारखा तो पाय दिसत होता. एका क्षणात ब्रेकवर परत आलेला. मी डाव्या सीटवरून शेकड्यांनी पाय पाहिलेत. उभ्या गाडीनं अचानक उडी मारल्यावर शंभरातले नव्वद पाय घाबरून तिथंच दाबलेले राहतात. मामांचा पाय तसाच राहिला असता तर काकू मनगटावर सुटल्या नसत्या. ज्या पायानं बायको वाचवली, त्या पायाला ते तीन महिने शिक्षा देत होते, आणि ती शिक्षा माझी होती.

त्या रविवारी मी एसटीनं देवगाव फाट्याला गेलो. हातात कंपनीचा एक कोरा फॉर्म नेला. नुसतं माफी मागायला जायचा धीर नव्हता, सरकारी कामाला निघाल्यासारखा कागद लागला.

मामा ओसरीवर बसले होते. अंगणात कडुलिंबाखाली गाडी उभी होती, तिच्याकडं त्यांनी पाठ केली होती. काकूंनी पाणी दिलं. मी पेला खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

"मामा, तुमचा पाय चुकला नव्हता. गाडी चालू होती. गेर मी टाकून ठेवला होता, आणि तुम्हाला सांगितलं नाही."

मामांनी तो पेला बाजूला सारला. मग एकेक विचारायला लागले.

"म्हंजी गेर पडलेला हुता?"

"हो."

"तुमी टाकला?"

"मी टाकला."

"अन् दवाखान्यात मी म्हणलो माझा पाय चुकला, तवा तुमी शेजारीच हुताव."

"होतो."

मामांनी स्वतःच्या उजव्या पायाकडं बघितलं. "तीन महिने मी ह्या पायाकडं बघायलोय, खिल्लारे. चप्पल घालताना बघायलोय, जेवायला बसल्यावर बघायलोय. इतके माणसं नेले-आणले, कुणाला खरचटू दिलं न्हाई, अन् ह्यानं घरच्या माणसाला पाडलं म्हणून. तुमी एक शब्द बोलला असताव तर काय बिघडलं असतं?"

मी म्हणालो, "मी भ्यालो, मामा." आणि मला रडू आलं. या वयात, परक्याच्या ओसरीवर. मामांनी तोंड फिरवलं, पण उठून गेले नाहीत.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या पुढं आल्या आणि कागदाकडं बोट करून म्हणाल्या, "हे काय आणलंय?"

मी सांगितलं, की कंपनी पुढची गाडी करायलीय, तीत काय पाहिजे ते चालवणाऱ्यांना विचारतात.

"चालवणाऱ्यालाच इचारतात? गाडीम्होरं उभं राहणाऱ्याला कोण इचारणार?" काकू खाली बसल्या. "लिव्हा मग. मी नवी नवरी हुते तवा माझे सासरे दारातून आत येताना आदी खाकरायचे. रोज, न चुकता. घर त्यांचंच हुतं, पण आत बाईमाणूस कसं बसलंय काय म्हाईत, म्हणून. तेवढ्यात मी पदर नीट करायची, बाजूला व्हायची. कुणी शिकवलं हुतं का त्यांना? रीत हुती. तुमची गाडी एवढी हुशार, एवढी पळणारी, अन् येवढं कळंना तिला? निघायच्या आदी खाकराव म्हणावं. मंग जाव कुठं जायचं ते."

मी फॉर्म उलटा करून शेवटच्या चार रेघांवर लिहायला लागलो. हळू चालताना ही गाडी एक बारीक गुणगुण करते, हे मला माहीत होतं. पण उभ्या गाडीचं काय? गेरमध्ये टाकलेली, निघायला टपलेली आणि तरी मुकी उभी असलेली गाडी, हीच तर काकूंच्या पुढं होती. कंपनीचे ते सगळे इंग्रजी प्रश्न आणि माझा सगळा कान, यांतून जे निसटलं होतं ते काकूंनी सासऱ्यांच्या आठवणीतून काढलं.

लिहून झाल्यावर वर बघितलं तर मामा गाडीकडं बघत होते. पाठमोरे नव्हते आता. म्हणाले, "मनीषा, ते लायसन कुठं ठिवलंस?"

मनीषाताई आतून धावतच आल्या. मी सवयीनं डाव्या दाराकडं गेलो. काकूंनी मला थांबवलं. "भाऊ, तुमी मागं बसा. मी काय आता म्होरं उभी राहत न्हाई, शेजारीच बसते." सबंध नोकरीत मला कुणी त्या सीटवरून उठवलं नव्हतं. मी मागच्या सीटवर मनीषाताईंच्या बाजूला बसलो. मला फार हलकं वाटलं.

मामांनी बटण दाबलं. पडदा उजळला, तो त्यांनी वाचला. गेर टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, "टाकला बरं का." मग गाडी सेलूच्या रस्त्याला लागली.

उतरतं ऊन होतं. मामा आधी जपून चालवत होते, डावा हात मधूनच रिकाम्या जागेत गेर शोधत होता. मग तो हात मांडीवर स्थिर झाला. काकू बोलायला लागल्या. हे शेत कुणाचं, ती विहीर कधी पाडली, इथं जीप बंद पडली होती तेव्हा आपण चिंचेखाली कसं बसलो होतो. मामा हळूच म्हणाले, "तू गाडीत इतकं बोलतीस?"

"पयल्यापासून बोलते," काकू म्हणाल्या. "तुमच्या जीपमदी ऐकू येत नव्हतं."

पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्या जोडलेला. मामा मागं राहिले, थांबले, जरा उजवीकडं होऊन बघितलं. रस्ता मोकळा होता. पाय दाबला. मनीषाताई ज्याबद्दल बोलल्या होत्या तो मधला वेळ, ना मागं ना पुढं, मला त्या दिवशी दिसलाच नाही. उसाचा हिरवा वास आत आला आणि आम्ही पुढं होतो. माझे पाय सीटखाली गेले नाहीत. मामा हसले, आणि काकू बऱ्या झालेल्या हातानं त्यांचा दंड धरत "आता हळू" म्हणाल्या. त्या हाताच्या बांगड्या मला मागं ऐकू येत होत्या. ती संध्याकाळ संपूच नये असं वाटत होतं. पाटबंधारेवाल्या काकांना त्या वळायच्या जागी काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

सोमवारी मी नोंदवहीतलं ते वाक्य खोडलं आणि खाली खरं लिहिलं, सहीसकट. शेठनी वाचलं, चष्मा काढला. "खिल्लारे, आता गरज होती का याची?" मी म्हणालो, "होती." निवृत्तीनंतर येत राहण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. निरोपाला शाल दिली, आणि चहाही चांगला होता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आता कधी एसटीत पुढची डावी सीट मिळाली की मी पाय मागं ओढून बसतो.

काकूंचा फॉर्म मी बाकीच्यांबरोबर पाठवला. चौकटी रिकाम्या, फक्त शेवटच्या रेघांवर मराठीत एक वाक्य: 'उभी गाडी निघण्याआधी तिनं खाकरावं.' कंपनीत तो कुणी वाचला की नाही, मला माहीत नाही. वाचला असेल तर बिचाऱ्यांनी खाकरण्याला इंग्रजी शब्द शोधला असेल. पुढची गाडी अजून आलेली नाही.

मनीषाताईंचा अधूनमधून फोन येतो. बाबा सकाळी गाडी बाहेर काढतात, म्हणतात. बटण दाबतात, काच खाली घेतात, आणि गाडीला ती रीत येईपर्यंत स्वतःच मोठ्यानं खाकरतात. मग आतून, चुलीपाशी असो की देवापाशी, आई ओरडून सांगते, "ऐकलं." तेव्हाच गाडी हलते.